ताण, कॉर्टिसॉल आणि सुटलेले पोट

मानवी शरीरात दोन्ही मूत्रपिंडांच्या माथ्यावर एकेक पिवळसर ग्रंथी टोपीसारखी बसलेली असते. जेमतेम चार-पाच ग्रॅम वजनाच्या या ग्रंथीला अधिवृक्क ग्रंथी म्हणतात. तिच्या गाभ्यातून अ‍ॅड्रेनालिन आणि बाहेरच्या सालीतून कॉर्टिसॉल अशी दोन वेगळ्या स्वभावांची संप्रेरके, म्हणजे रक्तातून वाहत जाऊन दूरच्या अवयवांना आज्ञा पोहोचवणारी रसायने, पाझरत असतात. त्यांपैकी कॉर्टिसॉलचे नाव अलीकडे वैद्यकाच्या पुस्तकांबाहेर पडून आरोग्य-पुरवण्यांत, व्यायामशाळांत आणि मोबाइलवरच्या चित्रफितींत पोहोचले असून, पोट सुटणे, झोप उडणे, केस गळणे, साखर वाढणे या सगळ्यांचे खापर त्याच्यावर फुटू लागले आहे. या समजुतीत तथ्य आहे, पण जेवढे सांगितले जाते तेवढे नाही. उपलब्ध संशोधन एकत्र ठेवून पाहिले तर असे दिसते की, शरीराचे भले-बुरे कॉर्टिसॉल किती आहे यापेक्षा ते कोणत्या वेळी वाढते आणि वाढल्यावर किती काळ खाली येत नाही, यावर अधिक अवलंबून असते.

या विषयाचा शास्त्रीय इतिहास फार जुना नाही. हार्वर्डचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी 1915 मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात वेदना, भूक, भय आणि क्रोध यांच्या वेळी शरीरात होणाऱ्या बदलांची मांडणी केली आणि संकटासमोर प्राणी लढायला किंवा पळायला कसा सज्ज होतो, हे अ‍ॅड्रेनालिनच्या आधारे दाखवले. पुढे 1936 मध्ये माँट्रियल येथे काम करणाऱ्या हान्स सेल्ये यांनी ‘नेचर’ या नियतकालिकात एक छोटे टिपण लिहिले. उंदरांना थंडीत ठेवले, जखमा केल्या, दमेपर्यंत पळवले किंवा औषधांची विषारी मात्रा दिली, तरी त्यांच्या शरीरात तीच तीन लक्षणे दिसतात, असे त्यांचे निरीक्षण होते: अधिवृक्क ग्रंथी सुजून मोठ्या होतात, रोगप्रतिकाराशी संबंधित थायमस ग्रंथी आक्रसते आणि जठरात व्रण पडतात. ताणाला त्यामुळे प्रथमच मोजता येण्याजोगे शारीरिक रूप मिळाले. सेल्ये यांनी पुढे रूढ केलेला ‘स्ट्रेस’ हा इंग्रजी शब्द मुळात पदार्थविज्ञानातला, आणि मराठीतला ‘ताण’ हा शब्दही दोरीला, तारेला, तंबोऱ्याच्या तारांना बसणाऱ्या ओढीचाच आहे. जठरव्रणाच्या बाबतीत मात्र पुढे दुरुस्ती करावी लागली. बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी बहुसंख्य व्रणांच्या मुळाशी हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू असतो हे सिद्ध केले, आणि त्याबद्दल त्यांना 2005 चे नोबेल पारितोषिक मिळाले. दिसेल त्या आजाराचे कारण ताणात शोधण्याच्या सवयीला या इतिहासाने एकदा चांगलाच धडा दिलेला आहे, म्हणून तो येथे आठवणे आवश्यक आहे.

कॉर्टिसॉलचा कारभार तीन ठिकाणांहून चालतो. मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस हा भाग धोका ओळखून एक संप्रेरक सोडतो, त्याच्या इशाऱ्यावर पीयूषिका ग्रंथी दुसरे संप्रेरक रक्तात पाठवते आणि त्या हुकमाने अधिवृक्क ग्रंथीची साल कॉर्टिसॉल तयार करते. रक्तातले कॉर्टिसॉल पुरेसे वाढले की तेच उलट मेंदूकडे जाऊन उत्पादन थांबवण्याची सूचना देते, म्हणजे टाकी भरली की नळ आपोआप बंद व्हावा, तशी ही व्यवस्था आहे. अ‍ॅड्रेनालिन काही मिनिटांतच रक्तातून नाहीसे होते, तर कॉर्टिसॉलचे प्रमाण निम्म्यावर यायला सुमारे एक ते दीड तास लागतो. ताण नसतानाही या संप्रेरकाला स्वतःचा दिनक्रम असतो: पहाटे ते चढू लागते, जाग आल्यानंतर अर्ध्या-पाऊण तासात त्याची उंची गाठली जाते, दिवसभर ते उतरत जाते आणि मध्यरात्रीच्या सुमारास सर्वांत खाली येते. सकाळी उठून माणूस कामाला लागू शकतो त्यामागे हाच चढ असतो, आणि रात्री झोप खोल लागते त्यामागे हाच उतार.

येथे एक विरोधाभास वाटेल अशी गोष्ट आहे. अचानक आलेल्या संकटात भूक मरते. परीक्षेच्या सकाळी किंवा घरातले कोणी रुग्णालयात असताना घास घशाखाली उतरत नाही, याचे कारण अ‍ॅड्रेनालिन आणि हायपोथॅलॅमसचे पहिले संप्रेरक ही दोन्ही भूक दाबतात. कॉर्टिसॉलचे काम त्यानंतर सुरू होते. खर्च झालेली ऊर्जा भरून काढण्यासाठी ते यकृताला नवी साखर बनवायला लावते, त्यासाठी लागणारा कच्चा माल स्नायूंतली प्रथिने मोडून पुरवते आणि खाण्याची इच्छा पुन्हा जागी करते. रानात वाघापासून पळालेल्या हरणाला ही सोय जीवदान देणारी आहे. कर्जाचे हप्ते, नोकरीची अनिश्चिती, घरातले दीर्घ आजारपण किंवा रोजचा दोन-दोन तासांचा लोकलचा प्रवास यांत मात्र पळणे नसते, केवळ ती तयारी असते, आणि ती महिनोन्‌महिने चालू राहते. भूक परतते, पण ऊर्जा खर्च झालेलीच नसते.

कॉर्टिसॉल सतत जास्त राहिले तर शरीराचे काय होते, याचे सर्वांत स्पष्ट चित्र एका दुर्मीळ आजारात दिसते. अमेरिकन मेंदूशल्यचिकित्सक हार्वी कुशिंग यांनी 1912 मध्ये अशा रुग्णाचे वर्णन केले आणि 1932 मध्ये त्याचा संबंध पीयूषिका ग्रंथीतल्या छोट्या गाठीशी जोडला, म्हणून तो आजार कुशिंग यांच्या नावाने ओळखला जातो. या रुग्णाचा चेहरा पुनवेच्या चंद्रासारखा गोल आणि लालसर होतो, मानेखाली पाठीवर बैलाच्या वशिंडासारखा मेदाचा उंचवटा येतो, पोट पुढे येते, पण हातपाय मात्र काटकुळे होत जातात. पोटावर जांभळट, बोटभर रुंद चिरा उमटतात, त्वचा कागदासारखी पातळ होऊन किंचित धक्क्याने काळीनिळी पडते, आणि मांड्यांच्या स्नायूंत बळ न राहिल्याने जमिनीवर मांडी घालून बसलेल्या रुग्णाला हाताचा आधार घेतल्याखेरीज उठता येत नाही. रक्तदाब आणि साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात. याच्या उलट टोकाला 1855 मध्ये थॉमस अ‍ॅडिसन यांनी वर्णन केलेला आजार आहे, ज्यात अधिवृक्क ग्रंथीच निकामी होतात. त्या रुग्णाचे वजन घटते, रक्तदाब खाली जातो, मीठ खावेसे वाटते आणि कातडी काळवंडते. कॉर्टिसॉल मुळात वाईट असते तर ते नसलेला माणूस धडधाकट राहिला असता. प्रत्यक्षात उपचारांवाचून तो जगत नाही.

कुशिंगचा आजार आपणहून होणे दुर्मीळ, पण तसेच चित्र औषधांमुळे दिसणे मुळीच दुर्मीळ नाही. कॉर्टिसॉलच्या जातीची औषधे म्हणजेच बोलीभाषेतली स्टिरॉइड. 1948 च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेन्च यांनी संधिवाताने अंथरुणाला खिळलेल्या एका स्त्रीला कॉर्टिसोन दिले आणि काही दिवसांतच ती चालू लागली. या कामासाठी हेन्च, एडवर्ड केंडल आणि तादेउश राइखश्टाइन यांना 1950 चे नोबेल मिळाले. त्या चमत्काराची किंमतही लवकरच ध्यानात आली. दमा, संधिवात, त्वचेचे व प्रतिकारशक्तीचे अनेक विकार यांत ही औषधे आजही अनमोल आहेत आणि कोविडच्या साथीत तर 2020 मध्ये ब्रिटनमधल्या मोठ्या चाचणीने दाखवून दिले की, रोज 6 मिलिग्रॅम डेक्सामिथासोन जास्तीत जास्त दहा दिवस दिल्याने कृत्रिम श्वासोच्छ्वासावर असलेल्या रुग्णांतले मृत्यू सुमारे एक-तृतीयांशाने घटतात. तेच औषध गरज नसताना, जास्त मात्रेत आणि जास्त दिवस दिले गेले तेव्हा काय होते, हे 2021 च्या दुसऱ्या लाटेत महाराष्ट्राने म्युकरमायकोसिसच्या, म्हणजे काळ्या बुरशीच्या रुग्णांत पाहिले. साखर अनियंत्रित आणि त्यावर स्टिरॉइड, ही जोडी त्या आजाराच्या मुळाशी वारंवार आढळली. मात्रा आणि मुदत यांचा फरक जीव वाचवण्यात आणि घालवण्यात पडू शकतो, याचे याहून जवळचे उदाहरण मराठी वाचकाला शोधावे लागणार नाही.

रोजच्या ताणाचे कॉर्टिसॉल कुशिंगच्या रुग्णाइतके कधीच चढत नाही. त्यामुळे त्या आजाराचे चित्र जसेच्या तसे सर्वसामान्य माणसावर लावणे चुकीचे ठरते, आणि लोकप्रिय लेखनात नेमकी हीच चूक होते. मग साध्या ताणाने वजन वाढते की नाही? लंडनमधील सरकारी कर्मचाऱ्यांचा ‘व्हाइटहॉल’ नावाचा दीर्घकालीन अभ्यास, ज्याचा दुसरा टप्पा 1985 मध्ये मायकेल मार्मट यांच्या नेतृत्वाखाली दहा हजारांहून अधिक व्यक्तींवर सुरू झाला, या प्रश्नाला गुंतागुंतीचे उत्तर देतो. त्यातील 2006 च्या विश्लेषणात असे आढळले की कामाचा ताण असलेल्या पुरुषांपैकी जे आधीपासून जाड होते त्यांचे वजन वाढत गेले, तर जे सडपातळ होते ते आणखी वाळले. एकच ताण दोन विरुद्ध दिशांनी काम करतो, ही गोष्ट घराघरांतल्या अनुभवाशीही जुळते: काळजीने खंगणारी माणसे आणि काळजीने खात सुटणारी माणसे बहुतेक एकाच कुटुंबात सापडतात. सर्वांची सरासरी काढली की या दोन दिशा एकमेकींना पुसून टाकतात, आणि म्हणूनच जेन वॉर्डल व सहकाऱ्यांनी 2011 मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा ताण आणि लठ्ठपणा यांचा संबंध होता, पण फारच लहान निघाला.

कोण कोणत्या दिशेने जाणार, याचा एक दुवा एलिसा एपेल यांच्या 2001 च्या प्रयोगात मिळतो. प्रयोगशाळेत ताण दिल्यावर ज्या स्त्रियांचे कॉर्टिसॉल जास्त उसळले त्यांनी नंतर अधिक खाल्ले, आणि त्यांचा ओढा गोडाकडे होता. मेरी डॉलमन यांनी 2003 मध्ये उंदरांवरील कामातून याची पुढची कडी मांडली: गोड आणि तुपकट अन्न ताणाच्या यंत्रणेला खरोखरच शांत करते, म्हणून मेंदू ते पुन्हा मागतो. रात्री अकराला, दिवसाची सगळी कामे उरकल्यावर, स्वयंपाकघरात उभ्या-उभ्या फरसाणाच्या डब्यात जाणारा हात हा केवळ जिभेच्या लाडाचा किंवा मनाच्या दुबळेपणाचा पुरावा नव्हे. त्यामागे शरीराने शिकलेला एक उपाय आहे, आणि तो तात्पुरता लागू पडतो हीच त्यातली अडचण आहे.

साठणारा मेद पोटातच का जातो, या प्रश्नाचे उत्तर अधिक पक्के आहे. कातडीखालच्या चरबीच्या तुलनेत आतड्यांभोवतीच्या चरबीत कॉर्टिसॉल पकडून ठेवणारे ग्राहक-रेणू अधिक असतात आणि तिथे एक विकर, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारे प्रथिन, निष्क्रिय कॉर्टिसोनचे पुन्हा सक्रिय कॉर्टिसॉल करते. हे विकर केवळ चरबीत जास्त तयार होईल अशी उंदरांची जात 2001 मध्ये निर्माण केली गेली, तेव्हा रक्तातले कॉर्टिसॉलसदृश संप्रेरक न वाढताही त्या उंदरांची पोटे सुटली आणि त्यांच्यात मधुमेहाची लक्षणे आली. म्हणजे रक्ताच्या चाचणीत सर्व ठीक दिसत असतानाही चरबीच्या आत स्थानिक पातळीवर वेगळेच चाललेले असू शकते. त्यात इन्शुलिनची भर पडते. इन्शुलिन नसताना कॉर्टिसॉल मेद वितळवते, पण दोन्ही एकत्र चढी असताना, म्हणजे ताणात वरचेवर गोडधोड खाल्ल्यावर, पोटातला मेद साठत जातो. तिथून सुटणारी मेदाम्ले थेट यकृतात पोहोचत असल्याने पोटाची चरबी मांडीच्या चरबीपेक्षा अधिक घातक ठरते.

भारतीय शरीराच्या बाबतीत या सर्वाला वेगळेच गांभीर्य आहे, आणि ते जगासमोर आणण्यात पुण्याचा वाटा मोठा आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या खेड्यांतल्या मातांचा आणि त्यांच्या मुलांचा जो अभ्यास चालवला त्यात दिसले की, तिथली बाळे सरासरी 2.7 किलो वजनाची, इंग्लंडमधल्या साडेतीन किलोच्या बाळांपेक्षा बरीच लहान, तरी त्यांच्या अंगावरची चरबी त्या मानाने राखलेली होती. कमी होते ते स्नायू. हीच गोष्ट याज्ञिक आणि लंडनचे त्यांचे सहकारी जॉन युडकिन यांनी 2004 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःच्या छायाचित्रासह मांडली. दोघांचाही उंची-वजनाचा निर्देशांक, म्हणजे बीएमआय, 22.3 होता, पण युडकिन यांच्या शरीरात मेद 9.1 टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात 21.2 टक्के निघाला. मुळात कमी स्नायू आणि पोटात अधिक मेद अशा शरीरावर स्नायू झिजवणारे आणि पोटात मेद साठवणारे संप्रेरक दीर्घकाळ काम करत राहिले, तर वजनकाट्यावर आकडा न हलताही नुकसान होत राहते. म्हणून ताण आणि वजन असा प्रश्न भारतात विचारताना काट्यापेक्षा शिंप्याची टेप महत्त्वाची: पुरुषांत 90 आणि स्त्रियांत 80 सेंटिमीटर ही कमरेच्या घेराची भारतीयांसाठी ठरलेली मर्यादा आहे. 2019–21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 15 ते 49 वयोगटातल्या सुमारे 40 टक्के स्त्रियांचे पोट वाढलेले आढळले, पुरुषांत हे प्रमाण 12 टक्के होते. या फरकाचे सगळे कारण ताणात शोधणे घाईचे ठरेल. पण सर्वांचे उरकून शेवटी जेवणाऱ्या आणि सर्वांआधी उठणाऱ्या घरातल्या बाईची झोप किती, हा प्रश्न तरी या आकड्यासमोर विचारलाच पाहिजे.

कारण ताण, कॉर्टिसॉल आणि वजन यांना जोडणारा सर्वांत भक्कम दुवा झोप हाच आहे. शिकागो विद्यापीठात 1999 मध्ये अकरा निरोगी तरुणांना सहा रात्री केवळ चार-चार तास झोपू दिले, तेव्हा त्यांचे संध्याकाळचे कॉर्टिसॉल उतरेनासे झाले आणि शरीराची साखर हाताळण्याची क्षमता घटली. त्याच गटाने 2004 मध्ये दाखवले की दोन रात्रींच्या अपुऱ्या झोपेने तृप्तीचा निरोप देणारे लेप्टिन 18 टक्क्यांनी घटते आणि भूक चेतवणारे घ्रेलिन 28 टक्क्यांनी वाढते. एमआयडीसीतल्या कारखान्यात तिसऱ्या पाळीला जाणारा कामगार, रात्रपाळीची परिचारिका, परदेशी ग्राहकांच्या घड्याळावर चालणाऱ्या कार्यालयातला तरुण, यांना पहाटे तीनला चहा-बिस्किटे किंवा वडापाव खावा लागतो. शरीर ज्या वेळी साखर हाताळण्यास सर्वांत कमी सज्ज असते, नेमकी ती ही वेळ होय. पाळ्या दर आठवड्याला फिरवल्या की शरीराला नवा दिनक्रम रुळवायलाही अवधी मिळत नाही, आणि हा प्रश्न कामगाराच्या इच्छाशक्तीचा न राहता कामाच्या आखणीचा होतो.

वजनापलीकडचे परिणाम थोडक्यात नोंदवता येतील. भारतासह 52 देशांतल्या सुमारे 25 हजार व्यक्तींची माहिती असलेल्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासात, सततचा ताण सांगणाऱ्यांत हृदयविकाराच्या झटक्याचा धोका जवळपास दुप्पट आढळला. शेल्डन कोहेन यांनी 1991 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात 394 स्वयंसेवकांच्या नाकात सर्दीचे विषाणू मुद्दाम सोडले गेले. सर्वांत कमी ताण असलेल्यांपैकी 27 टक्क्यांना, तर सर्वांत जास्त ताण असलेल्यांपैकी 47 टक्क्यांना सर्दी झाली. 1995 मध्ये जॅनिस कीकोल्ट-ग्लेझर यांनी स्मृतिभ्रंश झालेल्या आप्तांची शुश्रूषा करणाऱ्या तेरा स्त्रियांच्या हातावर साडेतीन मिलिमीटरची छोटी जखम केली; ती भरायला इतर स्त्रियांपेक्षा सरासरी नऊ दिवस अधिक लागले. घरातल्या म्हाताऱ्या माणसाचे वर्षानुवर्षे करणाऱ्या सुना आणि लेकी आपल्याकडे किती आहेत हे आठवले की, या तेरा जणींवरच्या छोट्या प्रयोगाचे मोल ध्यानात येते. ब्रूस मॅकएवेन यांनी अशा साचत जाणाऱ्या झिजेला 1993 मध्ये नाव दिले, ज्याचा अर्थ जुळवून घेण्याचा भार असा करता येईल. दर वेळी परिस्थितीशी जुळवून घेताना शरीर थोडे-थोडे झिजते, आणि ही झीज रक्तदाब, साखर, कमरेचा घेर अशा अनेक मापांत एकाच वेळी दिसू लागते.

यात कारण कोणते आणि परिणाम कोणता हे ठरवणे अवघड असते, ही मर्यादा मान्य केली पाहिजे. केस महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढत असल्याने त्यांत मागच्या महिन्यांचे कॉर्टिसॉल नोंदलेले सापडते, आणि इंग्लंडमधल्या अडीच हजारांहून अधिक प्रौढांच्या केसांच्या 2017 मधील अभ्यासात जास्त कॉर्टिसॉल व मोठी कंबर एकत्र आढळली; पण मेदच अधिक कॉर्टिसॉल घडवत असेल, ही शक्यता तिथे उरतेच. उलट दिशेचा एक पुरावा तर विशेष विचार करायला लावणारा आहे. 2010 मध्ये जॅनेट टोमियामा व सहकाऱ्यांनी 121 स्त्रियांवर केलेल्या प्रयोगात तीन आठवडे रोज 1200 कॅलरींवर राहिल्याने कॉर्टिसॉल वाढलेले आढळले. म्हणजे वजन कमी करण्यासाठी केलेली उपासमार स्वतःच एक ताण असते. जाड माणसाला येता-जाता मारले जाणारे टोमणेही त्याच यंत्रणेला चेतवतात, आणि हितचिंतक म्हणून ते मारणाऱ्यांनी हे नीट समजून घ्यावे.

एवढ्या गुंत्यातून बाजाराने मात्र सोपी उत्तरे काढली आहेत. ‘थकलेल्या अधिवृक्क ग्रंथी’ नावाचे निदान समाजमाध्यमांवर सर्रास केले जाते. त्याविषयीचे 58 अभ्यास तपासून 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आढाव्यात अशा आजाराला आधार सापडला नाही. कॉर्टिसॉल रोखून पोट उतरवण्याचा दावा करणाऱ्या गोळ्यांवर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने 2004 मध्येच कारवाई केली होती, तरी त्यांचे नवे अवतार विकले जातच आहेत. आरोग्य-तपासणीच्या पॅकेजमध्ये सकाळच्या रक्ताचे कॉर्टिसॉलही मोजून दिले जाते, पण सकाळी ते वाढलेले असणे हेच निरोगीपणाचे लक्षण असल्याने त्या आकड्यावरून कोणाचा ताण कळत नाही. कुशिंगच्या आजाराची खरी शंका आली तर तज्ज्ञ डॉक्टर मध्यरात्रीच्या लाळेतले, चोवीस तासांच्या लघवीतले किंवा डेक्सामिथासोनची गोळी दिल्यानंतरचे कॉर्टिसॉल मोजतात. ज्या वेळी ते खाली असायला हवे त्या वेळी ते खाली येते का, एवढेच त्यांना पाहायचे असते.

उपायांविषयी नम्रतेनेच बोलावे लागते. ध्यान, योगासने आणि प्राणायाम यांनी कॉर्टिसॉल काहीसे उतरते असे अनेक लहान चाचण्यांत दिसले आहे. लोणावळ्याच्या कैवल्यधामात स्वामी कुवलयानंदांनी 1924 पासून योगाला प्रयोगशाळेच्या मोजमापांखाली आणण्याची जी परंपरा सुरू केली तिचे स्मरण येथे योग्यच आहे. पण केवळ त्यांनी वजन उतरते असे सिद्ध झालेले नाही. स्नायू टिकवणारा व्यायाम, पुरेशी प्रथिने, रात्रीचे लवकर जेवण आणि सात-आठ तासांची ठरलेल्या वेळेची झोप यांचा आधार अधिक पक्का आहे. जे रुग्ण तीन आठवड्यांहून अधिक काळ स्टिरॉइड घेत आहेत त्यांच्या स्वतःच्या ग्रंथी त्या काळात झोपी गेलेल्या असतात, म्हणून वजन वाढले या भीतीने त्यांनी गोळ्या एकाएकी बंद करू नयेत. त्यातून जिवाला धोका होऊ शकतो. ज्यांच्या पोटावर रुंद जांभळट चिरा आल्या आहेत, ज्यांना मांडी घालून बसल्यावर उठता येत नाही, त्यांनी विनाविलंब संप्रेरकतज्ज्ञाकडे जावे. इतरांनी कॉर्टिसॉलच्या तपासणीवर पैसे खर्च करण्याआधी पंधरा दिवस आपण किती वाजता जेवतो, किती वाजता अंथरुणाला पाठ टेकतो आणि किती तास झोपतो हे एका वहीत लिहून काढावे, आणि डॉक्टरांकडे जाताना ती वही बरोबर न्यावी.